नानांचं मेडल कागदात हरवलंय, कागदातच सापडेल

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी सिन्नर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, तोपखान्यात होते. १९६६ ला भरती झाले, १९८४ ला हवालदार म्हणून पेन्शनीला आले. यंदा २६ जानेवारीला ग्रामपंचायतीने गावातल्या माजी सैनिकांचा सत्कार केला. सगळे कोटाला मेडल लावून आले होते. नानांच्या कोटावर तीनच होती. घरी आल्यावर माझ्या मुलाने विचारलं, "नाना, तुम्ही ७१ च्या लढाईत होता ना? मग त्याचं मेडल कुठाय?" नाना म्हणाले, "नाही मिळालं. जाऊ दे." आणि चपला घालून मळ्यात निघून गेले.

मी त्यांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्त होताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, काढून पाहिलं. त्यात दोनच मेडलं लिहिलीत, स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं आणि ९ वर्षं नोकरीचं. कोटावर आहे ते सैन्य सेवा मेडल पुस्तकात नाहीच. नाना सांगतात, त्यांची रेजिमेंट पंजाबच्या बॉर्डरवर होती. लढाई थांबल्यावर जानेवारीत त्यांना टायफॉइड झाला, दोन महिने मिलिटरी हॉस्पिटलात होते, आणि तिथून परत जुन्या युनिटला न जाता दुसऱ्याच रेजिमेंटला पोस्टिंग झालं.

मुलाने मोबाइलवर बघून यादी काढली: पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, २० वर्षांचं मेडल. तो म्हणतो, आपणच पुस्तकात लिहून टाकू. एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात, आठ हजार द्या, सगळी मेडलं आणि मागची थकबाकीही काढून देतो. नानांचा हात आता थरथरतो, सही नीट येत नाही. काय करावं?

एक सून

उत्तर

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी ते डिस्चार्ज बुक मुलाच्या हातातून काढून घ्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा. त्याचा हेतू चांगला आहे, पण त्या पुस्तकात घरच्या माणसाने पेनाने एक टिंब जरी काढलं तरी पुढे फौजेच्या नोंदी सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसात ते पुस्तक टेबलावर ठेवल्यावर बाबू पहिलं बोट त्या टिंबावर ठेवणार. मग खरं काय लिहिलंय ते बाजूला राहतं आणि खाडाखोड कोणी केली यावरच चौकशी सुरू होते. त्यात दुरुस्ती करायचा अधिकार रेकॉर्ड ऑफिसचा. तिथला शिक्का आणि सही असली तरच ती नोंद धरली जाते.

दुसरं, त्या आठ हजारवाल्यांना चहा पाजून वाटेला लावा. रेकॉर्ड दुरुस्त करायला फी नसते. आणि थकबाकी कसली? शौर्याच्या पदकांना भत्ता असतो, ती गोष्ट वेगळी. तुम्ही ज्या मेडलांबद्दल लिहिलंय ती सेवेची आणि मोहिमेची मेडलं आहेत, त्यांना महिन्याला पैसे मिळत नाहीत. या कामातून पेन्शन एक रुपयाने वाढणार नाही. नाना सोडून घरात आणखी कोणी पैशाच्या आशेने यात पडलं असेल तर त्यालाही हे आजच सांगून टाका.

आता मुद्द्यावर येतो. मी स्वतः चोवीस वर्षं फौजेच्या ऑफिसात क्लार्क होतो. लोकांना वाटतं फौज बंदुकीवर चालते. चालते, पण माणूस कुठे होता, कधी होता, काय हुद्द्यावर होता हे सगळं चालतं पार्ट टू ऑर्डरवर. माणूस सुट्टीवर गेला, पार्ट टू ऑर्डर. लग्न झालं, मूल झालं, पार्ट टू ऑर्डर. आजारी पडून हॉस्पिटलात भरती झाला, सुटला, दुसऱ्या युनिटला गेला, नाईकचा हवालदार झाला, प्रत्येक वेळी युनिटचं ऑफिस एक ओळ छापतं आणि तिची प्रत रेकॉर्ड ऑफिसला जाते. तिथे ती माणसाच्या शीट रोलवर, म्हणजे त्याच्या मूळ सेवा नोंदीवर, चढते. तुम्ही हातात धरलेलं डिस्चार्ज बुक हे त्या शीट रोलचं घरी आणलेलं सार आहे, पूर्ण कागद नाही. त्यामुळे पुस्तकात नाही म्हणजे कुठेच नाही, असं धरून चालू नका.

मेडलचंही तसंच. मोहीम संपते, सरकार मेडल जाहीर करतं, मग युनिट नॉमिनल रोल बनवतं: अमुक तारखेला अमुक ठिकाणी आमच्याकडे ही ही माणसं होती. त्या यादीवरून मंजुरी होते, पार्ट टू ऑर्डर निघते, धातूचं मेडल मागाहून कधीतरी येतं. कधीतरी म्हणजे खरंच कधीतरी. वर्षानुवर्षं मेडलांचा तुटवडा राहिलाय. नोकरीतले जवानसुद्धा दिल्ली कॅन्टच्या गोपीनाथ बाजारातून नक्कल विकत घेऊन परेडला उभे राहत, कारण हक्क मंजूर झाला तरी पितळ हातात यायला उशीर.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य पुन्हा वाचा: जानेवारीत टायफॉइड, दोन महिने हॉस्पिटल, तिथून दुसऱ्याच रेजिमेंटला. ताई, माझ्या अंदाजाने नानांचं मेडल इथेच पडलं. युनिटच्या क्लार्कने यादी करायला घेतली तेव्हा नाना त्याच्या हजेरीवर नव्हते. नवीन युनिटच्या क्लार्कला वाटलं, हा माणूस लढाईनंतर आला, याचं जुनं युनिट बघेल. जुन्या युनिटला वाटलं, गेला तो गेला. दोघांच्या मधे माणूस राहतो, यादी पुढे जाते. हे मी ऐकून सांगत नाही. मी नवा असताना एका नाईकाच्या आर्मी नंबरातले दोन आकडे टाइप करताना उलटे पडले. त्याची एक नोंद दुसऱ्याच माणसाच्या नावावर चढली आणि ती परत आणायला त्याला दीड वर्ष लागलं. तो मला कधी बोलला नाही. मीच अजून विसरलो नाही.

पण त्याच टायफॉइडने तुमचं काम सोपंही केलंय. हॉस्पिटलात भरती होण्याची पार्ट टू ऑर्डर जुन्या युनिटनेच काढलेली असणार. तिच्यावर युनिटचं नाव असतं, तारीख असते. म्हणजे जानेवारी १९७२ मध्ये नाना कोणत्या रेजिमेंटच्या हजेरीवर होते हे सरकारच्याच कागदावर आहे. ती रेजिमेंट डिसेंबर १९७१ मध्ये कुठे होती हे सिद्ध करायला तुम्हाला काही करायला नको, ते फौजेकडे लिहिलेलं असतं. मेडलचा कागद सापडत नसेल तर नाना त्या तारखेला तिथे होते हा कागद शोधायचा.

म्हणून अर्जात "मला मेडल द्यावं" असं लिहू नका. बरेच माजी सैनिक इथेच चुकतात. चार पानं लिहितात, किती हालअपेष्टा सोसल्या, बर्फात कसे उभे राहिलो, साहेबांनी पाठ कशी थोपटली. सगळं खरं असतं, पण त्यातून क्लार्कला फाइल उघडायला लागणारा एक नंबर सापडत नाही. अर्जात मागायचं ते असं: माझ्या सेवा नोंदी तपासाव्यात, डिसेंबर १९७१ मध्ये मी ज्या युनिटच्या हजेरीवर होतो त्यानुसार मला देय असलेल्या मेडलांची पडताळणी करावी, आणि नोंद राहून गेली असल्यास पार्ट टू ऑर्डर काढून माझ्या रेकॉर्डमध्ये व डिस्चार्ज बुकमध्ये ती घ्यावी.

तुम्ही नाशिक जिल्ह्यात आहात हे या कामात मोठं नशीब. दुसऱ्या पलटणीतल्या माणसाला बेळगाव नाहीतर जबलपूर गाठावं लागतं, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, सिग्नलचं जबलपूरला. तोपखान्याच्या सगळ्या जवानांचं रेकॉर्ड, मग तो माणूस केरळचा असो की हिमाचलचा, आपल्या नाशिकरोड कॅम्पात आहे. सिन्नरहून एसटी धरली की शिंदे-पळसे मागे टाकून नाशिकरोडला बिटको चौकात उतरायचं, पुढे रिक्षा. तरीही पहिला अर्ज टपालानेच पाठवा, स्पीड पोस्टने, आणि पावती अर्जाच्या झेरॉक्सला टाचून ठेवा. पाठवलेला कागद नोंद रजिस्टरला चढतो, काउंटरवर बोललेलं वाऱ्यावर जातं. महिनाभरात उत्तर आलं नाही तर मग नानांना घेऊन जा. त्यांचं माजी सैनिक ओळखपत्र आणि आधार बरोबर असू द्या. गेटवर फौजी माणूस बघितला की पोरं अदबीने वागतात, त्याची काळजी करू नका.

अर्जाला काय जोडायचं ते सांगतो. डिस्चार्ज बुकच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, कोरी पानं धरून. पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, झेरॉक्स. ओळखपत्र. आणि वरच उजव्या कोपऱ्यात ठळक: आर्मी नंबर, हुद्दा, नाव, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख. नाव मात्र डिस्चार्ज बुकात जसं आहे तसंच लिहा. आपल्याकडे फौजेच्या कागदावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं, हा घरोघरचा प्रकार. तुमच्याकडेही तसं असेल तर अर्जातच एका ओळीत सांगून टाका की हे दोन्ही मीच. नाव दुरुस्तीचं प्रकरण याच अर्जात घुसवू नका, नाहीतर मेडल बाजूला राहील आणि फाइल नावावरच फिरत बसेल.

अर्ज नानांच्या नावाने आणि नानांच्याच सहीने जायला हवा. हात थरथरतो म्हणून सून किंवा मुलाची सही चालणार नाही. अंगठा चालतो. दोन साक्षीदारांनी, नाव-पत्त्यासह, अंगठा त्यांचाच असल्याचं खाली लिहावं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेऊन तिथल्या अधिकाऱ्यासमोर अंगठा लावला तर आणखी चांगलं. ते त्यांच्या पत्रासोबत अर्ज पुढे पाठवतात, आणि सरकारी पत्र जोडलेल्या फाइलीचा प्रवास जरा सुखाचा होतो.

आता मुलाच्या यादीकडे बघू. पोरगं हुशार आहे, पण त्याने दुकान लुटल्यासारखं सगळंच उचललंय.

पूर्वी स्टार पूर्वेकडच्या लढाईसाठी होता, बांगलादेशच्या बाजूला. नाना पंजाबच्या बॉर्डरवर होते, त्यांचा पूर्वी स्टारशी संबंध नाही. त्यांचा विचार व्हायला हवा तो पश्चिमी स्टारसाठी. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडच्या विमानतळांवर हल्ला केला तिथून लढाई पेटली, १६ ला ढाक्यात शरणागती झाली आणि १७ ला पश्चिमेकडेही तोफा थांबल्या. त्या दिवसांत नानांची रेजिमेंट लढाईच्या क्षेत्रात होती आणि नाना रेजिमेंटसोबत होते, या दोन गोष्टी कागदावर जुळल्या की हा स्टार त्यांचा.

संग्राम मेडलचं कुंपण मोठं आहे. ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात जम्मू-काश्मीर, पंजाब, राजस्थान, गुजरात, पश्चिम बंगाल, आसाम, मेघालय, मिझोराम, त्रिपुरा या भागांत सेवा केलेल्यांसाठी ते होतं. शेवटची तारीख एवढी पुढे का, तर लढाई पंधरवड्यात आटोपली तरी सिमला करारानंतर दोन्ही बाजूंचं सैन्य मागे सरकायला डिसेंबर ७२ उजाडला. तोवर माणसं खंदकातच होती. नाना त्यातला निदान सुरुवातीचा काळ पंजाबात होते, त्यामुळे या मेडलचा दावा स्टारहूनही सरळ आहे. लढाईच्या ऐन दिवसांत ते कुठे होते यावर काही शंका निघाली तरी संग्रामची बाजू टिकेल. म्हणून अर्जात दोन्ही मेडलांची नावं वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहा. एकात अडलं तर दुसरं त्याच्याबरोबर अडकू नये.

२० वर्षांचं मेडल सोडून द्या. १९६६ ते १९८४ म्हणजे १८ वर्षं होतात, ते नानांना लागू नाही. जे आपलं नाही ते मागितलं की जे आपलं आहे त्यावरही समोरचा संशयाने बघतो. त्या सत्काराला कोणाच्या कोटावर सहा होती म्हणून आपलीही सहा व्हायला हवीत, हा हिशेबच चुकीचा. कोणी सियाचिनला असतो, कोणी परदेशात, कोणी करगिलच्या वेळी नोकरीत. (आणि खरं सांगू? अशा सत्कारांत कोटावर दिसणारं प्रत्येक मेडल त्याच माणसाचं असतं असंही नाही. पण ते त्यांचं त्यांच्यापाशी.)

सैन्य सेवा मेडलची गोष्ट वेगळी. ते कोटावर आहे, पुस्तकात नाही. ते मेडल कोटावरून काढा, उजेडात न्या आणि त्याची कड बघा. समोरची बाजू नव्हे, नाण्याची असते तशी जाडीची कड. सरकारने दिलेल्या मेडलच्या कडेवर आर्मी नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. भिंग लागेल, नानांच्या चष्म्यानेही दिसेल. तिथे नानांचा नंबर सापडला तर ते मेडल सरकारनेच त्यांना दिलंय, फक्त नोंद डिस्चार्ज बुकात चढायची राहिली, म्हणजे शीट रोलवर ती असण्याची शक्यता दांडगी. कडेचा आणि वरच्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून छापील प्रत अर्जाला जोडा. सैन्य सेवेच्या फितीवर एक छोटी धातूची पट्टी असते, तिच्यावर "जम्मू-काश्मीर", "हिमालय" असं काही लिहिलेलं असतं. ती सेवा कुठल्या भागातली हे त्यावरून कळतं. कड कोरी निघाली तर मात्र ते बहुधा बाजारातलं आहे. तरी घाबरू नका, नानांना नीट विचारा. खरं मेडल मिळालं होतं आणि हरवलं म्हणून विकत घेतलं असेल, नाहीतर मंजुरी झाली पण पितळ आलं नाही म्हणून घेतलं असेल. दोन्ही गोष्टी मी शेकड्याने पाहिल्यात.

तर नानांकडची प्रकरणं दोन जातींची आहेत हे ध्यानात ठेवा. सैन्य सेवेत नोंद असण्याची शक्यता आहे, पुस्तकात उतरवायची. बाकी दोघांत बहुधा नोंदच झाली नाही, ती करून घ्यायची. पहिलं काम काही महिन्यांत होऊ शकतं. दुसऱ्याला वर्षही लागेल. नानांचं वय पाहता मी दोन वेगळे अर्ज पाठवीन. सैन्य सेवेचं आधी उरकलं तर त्यांनाही हुरूप येईल.

रेकॉर्ड ऑफिसकडून दोन-तीन महिने काही हललं नाही तर माहिती अधिकार वापरा. भांडायला नव्हे, कागद हातात यायला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, अर्ज नानांच्याच नावाने. तुमच्या नावाने केलात तर ही दुसऱ्याची वैयक्तिक माहिती आहे म्हणून नाकारतील, आणि ते बरोबरच आहे. काही लोक सांगतात की फौजेला माहिती अधिकार लागू नाही. सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ यांना कायद्याने बऱ्याच अंशी वगळलंय हे खरं. लष्कर त्या यादीत नाही. अर्ज मराठीत केला तरी कायद्याला चालतो, पण तिथे बसलेला बाबू कदाचित ओडिशाचा नाहीतर तमिळनाडूचा असेल, तेव्हा हिंदीत लिहा, तुमचंच काम लवकर होईल. प्रश्न विचारू नका, कागद मागा. "मला मेडल का दिलं नाही?" याला उत्तर येईल की कारणं देणं या कायद्यात बसत नाही. त्याऐवजी असं मागा: माझ्या शीट रोलची साक्षांकित प्रत, डिसेंबर १९७१ ते डिसेंबर १९७२ या काळातल्या माझ्याबद्दलच्या सर्व पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, आणि माझ्या नावे मंजूर असलेल्या मेडलांची नोंद. तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. नाही आलं तर त्याच ऑफिसच्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, त्याला आणखी तीस दिवस. बहुतेकांना त्यापुढे जावं लागत नाही.

सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबईला खंडपीठ आहे. कोणीतरी तुम्हाला लगेच तिकडे जा म्हणून सांगेल. आत्ता नको. तिथे जायला साधारणपणे आधी हातात लेखी नकार लागतो आणि नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते. वकील, मुंबईच्या खेपा, आणि ७८ च्या आसपासचा माणूस. नकार आलाच तर तेव्हा मला पुन्हा लिहा.

हे झालं सरकारी कागदांचं. आता घरच्या कागदांकडे येतो, कारण माझ्या मते तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा रेकॉर्ड ऑफिसात नसून तुमच्या घरात असू शकतो. तुमच्या सासूबाई आहेत का? पत्रात त्यांचा उल्लेख नाही. असतील तर त्यांच्याकडे नानांची जुनी पत्रं असतील का ते विचारा. त्या काळी फौजी माणूस आंतर्देशीय पत्र पाठवायचा आणि मागे पाठवणाऱ्याच्या जागी नेमाने नंबर, हुद्दा, नाव, बॅटरी (रेजिमेंटमधली तोफांची तुकडी), रेजिमेंट आणि खाली "मार्फत ५६ एपीओ" लिहायचा. ५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) म्हणजे पश्चिमेकडची टपाल व्यवस्था, ९९ एपीओ पूर्वेकडची. एवढ्यावरूनच नाना कोणत्या बाजूला होते ते उघड होतं. त्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असतो, शिक्क्यात तारीख आणि त्या पोस्ट ऑफिसचा क्रमांक. गाव लिहायची बंदी होती, पण तारीख लपत नाही. डिसेंबर ७१ किंवा त्याच्या आगेमागेचं एखादं पत्र, एखाद्या मनीऑर्डरचं कूपन, लढाईच्या आधी सुट्टी रद्द झाल्याची तार, यातलं काहीही सापडलं तर अर्जाला जोडण्यासारखं सोनं आहे. जुन्या बॅटरीतल्या मित्राचं लेखी निवेदनही जोडता येतं, त्याचा नंबर आणि रेजिमेंट त्यात असू द्या. पण नुसत्या निवेदनावर मेडल मंजूर होत नाही, ते कागदाच्या जोडीला टेकू म्हणून.

आणि नानांना बोलतं करा. त्यांना तारखा विचारल्या तर ते "जाऊ दे"च म्हणणार. तोफा विचारा. बॅटरी कोणती, तोफ पंचवीस पौंडी होती की मोठी, गन पोझिशन गव्हात होती की उसात, पाणी कुठून आणायचे, नंबर वन, म्हणजे तोफेवरचा प्रमुख, कोण होता, जेवण किती वाजता यायचं. गनर माणूस पन्नास वर्षांनीसुद्धा आपली गन विसरत नाही. तो गनवर बोलायला लागला की मधेच गावाचं नाव येतं, साहेबाचं नाव येतं, "त्या रात्री आम्ही पोझिशन बदलली" असं येतं. नातवाला मोबाइलवर रेकॉर्ड करायला बसवा, पेनापेक्षा ते बरं. मग त्यातली नावं आणि दिवस शांतपणे कागदावर उतरवा, डिसेंबर ७१ चा एक तक्ता तयार होईल. बॅटरीचं नाव हाती लागलं तर अर्जात ते जरूर घाला.

एक गोष्ट मात्र आधी करा, अर्ज लिहिण्याच्याही आधी. नानांना विचारा की त्यांना हे हवंय का. "जाऊ दे" म्हणून मळ्यात जाणाऱ्या माणसाने ते नेहमी मनातून सोडून दिलेलं असतं असं नाही. मी असे पुष्कळ पाहिलेत ज्यांना मागायची लाज वाटते. फौजेत मेडल मागत नाहीत, मिळतं, ही शिकवण हाडात मुरलेली असते. त्यांना सांगा, तुम्ही काही मागत नाही आहात. तुमच्या नोंदीत एक ओळ कमी आहे, ती भरून घेताय. क्लार्कची चूक क्लार्ककडून दुरुस्त करून घेण्यात कसली लाज? एक जुना क्लार्क स्वतः हे सांगतोय असंही सांगा. त्यावरही ते नको म्हणाले तर सैन्य सेवेची नोंद तेवढी करून घ्या, कारण ते मेडल तर ते लावतातच, आणि बाकीचं खरंच जाऊ द्या. ते आयुष्य त्यांचं आहे, त्यातली कुठली ओळ भरायची हे ठरवणंही त्यांच्याच हातात राहू दे.

नोंद झाली आणि पितळ यायला उशीर लागला, तर त्यांच्यासाठी नक्कल विकत घ्यायला माझी काही हरकत नाही. देवळाली कॅम्पात फौजी सामानाची दुकानं आहेत, तिथे फिती लावूनही देतात. फक्त मंजुरीचं पत्र घरी आल्यावर, आधी नाही.

सासूबाईंच्या ट्रंकेत ती पत्रं सापडली तर शिक्का आणि मागचा पत्ता दिसेल अशी रंगीत झेरॉक्स काढा आणि मूळ पत्र ज्या घडीत होतं त्याच घडीत परत ठेवा. अर्जाला पत्राच्या बाहेरचा भाग पुरतो. आतलं वाचायचं असेल तर आधी त्यांना विचारा.